सरदार का उलटला?

चला, आज आपण जपानला जाऊ या. पण आजच्या नव्हे, १५८२ सालच्या जपानला!

जून महिन्यातली काळोखी रात्र. सुमारे १३ हजार सैनिक क्योतो शहराची वाट तुडवत आहेत. त्यांचा सरदार आहे आकेची मित्सुहिदे. या सैन्यात होंजो सोएमोन नावाचा एक साधा सामुराई आहे. सामुराई म्हणजे जपानमधले पिढीजात लढवय्ये, धन्यासाठी प्राण देणारे. आपण कुठे चाललो आहोत, कोणाशी लढायचे आहे, होंजोला काहीच ठाऊक नाही. त्याला वाटते आहे, तोकुगावा इएयासू नावाच्या सरदारावर छापा घालायचा असेल.

पहाटे सैन्य होन्नोजीपाशी पोहोचले. होन्नोजी हे एक बौद्ध मंदिर. होंजो आत शिरला, तर दार उघडेच! आत उंदीरसुद्धा दिसेना. दालनात नुसती मच्छरदाणी टांगलेली.

त्या मंदिरात कोण उतरले होते, माहीत आहे? ओदा नोबुनागा! म्हणजे खुद्द मित्सुहिदेचा धनी.

शंभरेक वर्षे आपापसांत लढणाऱ्या जपानचा मोठा भाग नोबुनागाने एका सत्तेखाली आणला होता. त्या पहाटे त्याच्याजवळ शंभर माणसेही नव्हती. तो आधी धनुष्य घेऊन लढला, मग भाला घेऊन. कोपराला जखम झाली तेव्हा तो आतल्या खोलीत गेला. मंदिराला आग लागली होती. तिथेच त्याने स्वतःचा अंत करून घेतला. त्याचा थोरला मुलगा नोबुतादा हाही त्याच दिवशी शहरात दुसरीकडे लढताना घेरला गेला आणि त्यानेही तोच मार्ग पत्करला. तारीख होती २१ जून १५८२.

आता खरा प्रश्न. मित्सुहिदे असा का उलटला?

सगळे हात वर!

मी ही गोष्ट वर्गात बरीच वर्षे सांगत आले आहे. सांगताना तीन कारणे फळ्यावर लिहायची.

पहिले कारण आईचे. १५७९ साली मित्सुहिदेने यागामी किल्ल्याला वेढा घातला. किल्लेदार भावांनी शरण यावे म्हणून त्याने आपली आई ओलीस ठेवली. नोबुनागाने मात्र त्या भावांना ठार केले आणि चिडलेल्या किल्ल्यातल्या लोकांनी म्हातारीला मारले.

दुसरे कारण माशांचे. १५८२ साली इएयासू पाहुणा म्हणून अझुचीला आला. सरबराई मित्सुहिदेकडे होती. ‘मासे नासलेत, वास मारतोय!’ म्हणून नोबुनागाने सगळ्यांदेखत त्याची शोभा केली.

तिसरे कारण लोभाचे. त्याला स्वतःलाच जपानचा धनी व्हायचे होते.

मग मी विचारायची, ‘सांगा पाहू, कोणतं कारण खरं?’ आईच्या गोष्टीला सगळा वर्ग हात वर करायचा. एका वर्षी मात्र शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘बाई, हे कोणी पाहिलं होतं?’

मला उत्तर देता येईना! घरी आले आणि पुस्तकं काढून बसले. मग काय सापडलं, ते तुम्हालाही सांगते.

कोणी, कधी लिहिलं?

नोबुनागाच्या पदरी ओता ग्यूइची नावाचा माणूस होता. त्याने धन्याचे चरित्र लिहून ठेवले. त्यात यागामीचा वेढा आहे. आतल्या लोकांवर झाडपाला खायची पाळी आली, हेही आहे. आईची गोष्ट मात्र नाही! ती पुढच्या काळातल्या रंजक कथांमध्ये येते. नासलेल्या माशांचेही तसेच.

आणि एक गंमत ऐका. होन्नोजीकडे निघताना मित्सुहिदे गरजला, ‘शत्रू होन्नोजीत आहे!’ असे सांगतात. जपानमध्ये आजही हे वाक्य म्हणीसारखे वापरतात. दाखवायचे एक आणि नेम दुसरीकडे, असा त्याचा अर्थ. पण आपला होंजो आठवा. म्हातारपणी त्याने आठवणी लिहिल्या. नोबुनागावर चालून जातो आहोत हे आपल्या स्वप्नातही नव्हते, असे तो सांगतो. सरदार सगळ्यांसमोर तसे गरजला असता, तर ते होंजोला कळले नसते का?

मग अपमान झालाच नव्हता का? तसंही म्हणता येत नाही हं. लुईस फ्रॉइस नावाचा पोर्तुगीज पाद्री तेव्हा जपानमध्ये होता. जपानला जाण्याआधी तो कितीतरी वर्षे आपल्या गोव्यात राहिला होता. इएयासूच्या पाहुणचारावरून बोलताना नोबुनागा संतापला आणि त्याने मित्सुहिदेला लाथ मारली, असे लोक बोलतात, हे त्याने लिहून ठेवले. पण त्यानेही ते ऐकलेलेच. डोळ्यांनी पाहिलेले नव्हे.

त्या काळची कागदपत्रं काय म्हणतात?

मित्सुहिदेच्या नावाची एक नियमावली आहे. सैन्याने कसे वागावे याचे १८ नियम त्यात आहेत. शेवटी तो म्हणतो की, मी दगडधोंड्यांसारखा पडून होतो, मला उचलून एवढे मोठे सैन्य धन्याने माझ्या हाती दिले. केवढी ही कृतज्ञता! जपानी पंचांगानुसार तिची तारीख आहे सहाव्या महिन्याची दुसरी. होन्नोजीवर हल्ला झाला, तीही सहाव्या महिन्याची दुसरीच. मध्ये बरोबर एक वर्ष!

मग एका वर्षात असे काय झाले?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १५८० साली नोबुनागाने साकुमा नोबुमोरी या जुन्या सरदाराला हाकलून दिले. ३० वर्षांची चाकरी, आणि हाती पडली १९ कलमांची दोषांची यादी! त्याच यादीत मित्सुहिदेची वाहवा होती, बरं का. पण ते वाचताना मित्सुहिदेच्या मनात आले असेल, ‘आज याची पाळी, उद्या माझी?’

पुढचा धागा शिकोकू बेटाचा. तिथला सरदार चोसोकाबे मोतोचिका आणि नोबुनागा यांच्यातली बोलणी मित्सुहिदेमार्फत चालत. मित्सुहिदेचा उजवा हात साइतो तोशिमित्सू हा तर मोतोचिकाचा सोयरा. आधी नोबुनागाने मोतोचिकाला बेट जिंकायची मोकळीक दिली होती. नंतर त्याने शब्द फिरवला आणि थेट सैन्यच पाठवायचे ठरवले. मधल्यामध्ये मित्सुहिदेचा शब्द मातीमोल झाला. २०१४ साली जपानमध्ये काही जुनी पत्रे उजेडात आली. त्यांत मोतोचिकाने तोशिमित्सूला लिहिलेले एक पत्र आहे. होन्नोजीच्या जेमतेम दहा दिवस आधीचे. नोबुनागाचे म्हणणे बरेचसे मान्य करायला तो तयार होता! पण शिकोकूवर जायला जहाजे सज्ज झाली होती. होन्नोजी पेटले आणि ती स्वारी राहूनच गेली.

आणि संधी? तीही चालून आली. नोबुनागाचे बाकीचे मोठे सरदार दूरदूरच्या मोहिमांवर होते. मित्सुहिदेला पश्चिमेला हिदेयोशीच्या मदतीला जायचा हुकूम होता, म्हणून हाताशी सैन्य तयार होते. तो पूर्वेला वळला, इतकेच. त्याआधी अतागो डोंगरावरच्या देवळात त्याने दोन-तीनदा कौल घेतला, असे ओता ग्यूइची लिहितो. मन खात होते की काय त्याचे?

त्याचं स्वतःचं उत्तर

तुम्ही म्हणाल, बाई, मित्सुहिदेनेच काही लिहून नाही का ठेवलं? ठेवलं आहे! हल्ल्यानंतर आठवड्याने त्याने होसोकावा फुजिताकाला पत्र लिहिले. हा त्याचा जुना मित्र. मित्सुहिदेची मुलगी फुजिताकाच्या मुलाला, तादाओकीला दिलेली. तो लिहितो की, मी हे केले ते तादाओकीसारख्यांना पुढे आणण्यासाठी. ५० ते १०० दिवसांत सगळे स्थिरस्थावर झाले की मी बाजूला होईन.

सापडलं ना कारण? थांबा. हे पत्र त्याने कधी लिहिले? बापलेकांनी नोबुनागाच्या दुखवट्यात केस उतरवून, मित्सुहिदेची साथ द्यायला नकार दिला होता, तेव्हा. म्हणजे रुसलेल्या व्याह्याची ही मनधरणी होती. आपल्याला मदत हवी असते तेव्हा आपण आपल्या वागण्याचं कारण जरा गोड करून सांगतो की नाही? मग मित्सुहिदेचं स्वतःचं उत्तरही तपासूनच घ्यायला हवं.

मदत आली नाही. हिदेयोशी शत्रूशी झटपट तह करून सुमारे २०० किलोमीटर दौडत आला. २ जुलैला यामाझाकीच्या लढाईत मित्सुहिदे हरला आणि पळताना गावकऱ्यांच्या हातून मारला गेला, असे सांगतात. धन्याला मारल्यापासून अकरा दिवसांत! थोडक्या काळाच्या सत्तेला जपानी लोक अजूनही ‘तीन दिवसांचे राज्य’ म्हणतात.

मला विचाराल तर मला वाटतं, भीती, मोडलेला शब्द आणि समोर आलेली संधी, हे तिन्ही त्या रात्री एकत्र आले. तुम्हाला वेगळं वाटेल, तर अवश्य वाटू दे.

माझ्या फळ्यावर आता तीन कारणांच्या खाली तीन प्रश्नही असतात. हे कोणी सांगितलं? कधी सांगितलं? आणि सांगणाऱ्याला त्यातून काय हवं होतं? उद्या मधल्या सुट्टीत ‘तो तुझ्याबद्दल असं असं बोलला’ म्हणून कोणी कानाशी लागलं, तर अबोला धरण्याआधी हे प्रश्न विचारून पाहा. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीने मला विचारला होता, तसेच.