शेपटाखालचा काटा

२५ डिसेंबर २०२५ पासून पनवेलच्या शेजारी, नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली. त्यातलं प्रत्येक विमान निघण्याआधी त्याचा गुरुत्वमध्य कुठे येतो ते काढलेलं असतं. माणसं किती, सामान कोणत्या कप्प्यात, इंधन किती, एवढं दिलं की संगणक आकडा देतो. आपल्याला त्यातलं काहीच दिसत नाही. हेच गणित फूटपट्टी आणि ओळंब्यानं कसं होतं ते समजून घ्यायचं, तर ग्लायडर बरं. घाट चढून पुण्याला गेलं की हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे ही बिनइंजिनाची विमानं विंचच्या दोरानं ओढून आकाशात चढवतात.

ग्लायडर तोलायचं ते हँगरमध्ये, दारं लावून. पंख लांबलचक असतात; वाऱ्याची झुळूक आली तरी ते थोडे उचलले जातात आणि काटा खोटं बोलतो. आधी कॉकपिट रिकामं करायचं. उशा, पाण्याची बाटली, सीटखाली साचलेली माती, सगळं बाहेर. बॅटरी आणि उपकरणं मात्र जागच्या जागी, आणि काय काय आत ठेवलं याची यादी कागदावर. मग मुख्य चाकाखाली एक काटा, शेपटाच्या चाकाखाली दुसरा. ब्रेक सोडलेला. पंखाच्या टोकाशी एक जण उभा राहतो. त्यानं तोल तेवढा धरायचा, पंख वर उचलायचा नाही की खाली दाबायचा नाही. हे सांगायला सोपं आहे!

उत्पादकाच्या पुस्तिकेत ग्लायडर कोणत्या कोनात ठेवायचं ते दिलेलं असतं. बऱ्याच ग्लायडरांत शेपटाच्या दांड्यावर ठरावीक उताराची पाचर ठेवून तिच्यावर पातळी धरतात, आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत शेपूट वर-खाली करतात. एखाद्या अंशाचा फरक राहिला तरी उत्तर काही मिलिमीटरनं सरकतं.

आता ओळंबा. पंख जिथे धडाला मिळतो तिथल्या पुढच्या कडेवरून दोन्ही बाजूंनी ओळंबे सोडायचे, ते हलायचे थांबले की जमिनीवर खुणा करायच्या आणि खडूनं रेघ जोडायची. बहुतेक ग्लायडरांत सगळी अंतरं याच रेघेपासून मोजतात. दोन्ही चाकांच्या आसांखालीही तशाच खुणा. गवंड्याला हे काम नव्यानं शिकवावं लागणार नाही.

एका आसनाच्या ग्लायडरचे नमुन्याचे आकडे घेऊ. मुख्य काट्यावर २२० किलो, शेपटाच्या काट्यावर ३०, एकूण २५०. दोन चाकांतलं अंतर ४२०० मिलिमीटर, आणि मुख्य चाक रेघेच्या १०० मिलिमीटर मागे. ३० गुणिले ४२०० भागिले २५० म्हणजे ५०४. त्यात १०० मिळवले की रिकाम्या ग्लायडरचा गुरुत्वमध्य रेघेच्या ६०४ मिलिमीटर मागे येतो.

इथे कोणता काटा महत्त्वाचा ते पाहा. मुख्य काटा एक किलो चुकला तर उत्तर जेमतेम दोन मिलिमीटर हलतं. शेपटाचा काटा एक किलो चुकला तर सुमारे पंधरा. मोठा आकडा दाखवणाऱ्या काट्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं; माझ्या मते चांगला काटा असेल तो शेपटाखाली ठेवावा.

उडताना गुरुत्वमध्य, समजा, २५० ते ४०० मिलिमीटरच्या दरम्यान हवा. रिकामं ग्लायडर त्यात बसत नाही, कारण वैमानिक हा तोलाचाच भाग आहे. कावडीच्या पुढच्या टोकाला टांगलेल्या ओझ्यासारखा तो रेघेच्या ५५० मिलिमीटर पुढे बसतो. पॅराशूटसकट ८० किलोचा माणूस बसला की गुरुत्वमध्य ३२४ वर येतो. ५५ किलोला ३९६, म्हणजे काठावर. ४५ किलोच्या मुलीला ४२८: मर्यादेबाहेर. उलट ११० किलोला २५१.

मागची मर्यादा ओलांडणं जास्त धोक्याचं. ग्लायडर वैमानिकाच्या हातातल्या दांड्याच्या जराशा हालचालीला उसळतं, आणि गिरकीत सापडलं तर बाहेर येईलच असं नाही. पुढची मर्यादा ओलांडली तर नाक जड होतं आणि उतरताना ते उचलायला दांडा पुरत नाही. म्हणून तोलण्याचा निकाल कॉकपिटमधल्या पट्टीवर लिहिलेला असतो: आसनावरचं किमान वजन ५५ किलो, कमाल ११०. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं बांधलेल्या ‘रोहिणी’सारख्या ग्लायडरमध्ये दोघं शेजारी-शेजारी बसतात, तेव्हा दोघांच्या वजनाची बेरीज धरली की झालं. एकामागे एक बसण्याच्या ग्लायडरमध्ये मागचा माणूस गुरुत्वमध्याच्या जवळ असतो, त्यामुळे हिशेब मुख्यतः पुढच्याचा.

हे सगळं एकदा करून सुटका होत नाही. शेपटाची दुरुस्ती झाली, रंगाचा एक जास्तीचा हात बसला आणि तिथे किलोभर वजन वाढलं, तर आपल्या उदाहरणात किमान वैमानिक चार किलोंनी जड लागतो. मग पुन्हा काटे, पुन्हा ओळंबे, नवी पट्टी. त्या ४५ किलोच्या मुलीला उडायचं असेल तर दहा किलो शिसं आसनावर किंवा ठरवून दिलेल्या जागी घट्ट बसवतात. नुसती पिशवी ठेवून भागत नाही. हवेत ती सरकली तर थेट दांड्यात अडकू शकते.