सोडायंत्राचा सिलिंडर आणि शुष्क बर्फ

घरगुती सोडायंत्राच्या लहानशा सिलिंडरात कार्बन डाय-ऑक्साइड द्रवरूपात साठवलेला असतो. तो संपला की रिकामा सिलिंडर देऊन भरलेला घेण्याची पद्धत रूढ आहे. काही हौशी मंडळी मात्र खर्च वाचवण्यासाठी सिलिंडरात शुष्क बर्फाचे तुकडे घालून झडप बसवतात. ही युक्ती का साधते आणि ती जिवावर का बेतू शकते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या पदार्थाच्या गुणधर्मांतच आहेत.

शुष्क बर्फ म्हणजे स्थायुरूप कार्बन डाय-ऑक्साइड. उघड्यावर तो वितळत नाही, उणे 78.5 अंश सेल्सिअसला त्याचा थेट वायू होतो. बंद पात्रात मात्र वायूला वाट नसल्यामुळे दाब वाढत जातो. हा दाब वातावरणीय दाबाच्या सुमारे 5.1 पट आणि तापमान उणे 56.6 अंश झाले, की बर्फ वितळून द्रव होऊ लागतो. पुढे 20 अंशांना दाब सुमारे 56 पट होतो. अशा रीतीने पंपावाचूनच सिलिंडर भरला जातो.

फसगत होते ती येथेच. द्रव आणि वायू एकत्र असेपर्यंत दाब केवळ तापमानावर अवलंबून असतो. सिलिंडर अर्धा भरलेला असो वा जवळजवळ पूर्ण, दाबमापकाचा काटा एकच आकडा दाखवतो. डोळ्यांचा अंदाजही चुकतो. कारण बर्फाची घनता 20 अंशांच्या द्रवाच्या सुमारे दुप्पट असते आणि हा द्रव उष्णतेने विलक्षण प्रसरण पावतो. समजा, 600 मिलिलिटर धारणेच्या सिलिंडरात 400 ग्रॅमऐवजी 500 ग्रॅम बर्फ गेला. तर सुमारे 14 अंशांनाच द्रव सारे पात्र व्यापतो. त्यानंतर तापमानाच्या प्रत्येक अंशागणिक दाब झपाट्याने चढतो. सुरक्षा चकती फुटून वायू निसटला तर ठीक. एरवी सिलिंडरच फुटण्याचा संभव असतो. म्हणूनच वायू भरताना दाबमापकावर नव्हे, तर तराजूवर विसंबावे लागते.

या धोक्याचा अनुभव जुनाच आहे. फ्रान्समधील थिलोरिए यांनी 1835 मध्ये स्थायुरूप कार्बन डाय-ऑक्साइड प्रथम मिळवल्याचे जाहीर केले. त्यांच्या पद्धतीचे ओतीव लोखंडाचे उपकरण 1840 मध्ये पॅरिस येथे फुटले आणि एर्वी नावाचा साहाय्यक प्राणास मुकला.

दुसरा धोका अदृश्य आहे. एक किलोग्रॅम शुष्क बर्फापासून 500 लिटरहून अधिक वायू निर्माण होतो. तो हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्याने बंद खोलीत जमिनीलगत साचतो आणि गुदमरवतो.

भारतात असे सिलिंडर भरण्याचे काम 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार परवानाधारकांकडे सोपवलेले आहे. तेथे सिलिंडरची तपासणी होते आणि वायूचे वजनही होते. घरच्या ओट्यावर नेमक्या याच दोन गोष्टींची उणीव असते.