चेक इंजिनचा दिवा आणि ऑक्सिजन सेन्सर

आमच्या घरी सेकंडहँड पेट्रोल व्हॅन आहे. भंडारा-पवनी मार्गावर तिच्या भाड्यावर दोन घरांचे भागते. एक दिवस डॅशबोर्डावरचा चेक इंजिनचा पिवळा दिवा पेटला आणि पेट्रोलही जास्त लागू लागले. एका गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून सांगितले, "ऑक्सिजन सेन्सर गेला." आम्ही उधारी करून नवा बसवला, जुना भंगारात टाकला. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

आयटीआयमध्ये शिकलेला आमचा भाचा आला. इंजिन थंड असताना त्याने गाडी सुरू केली, कान लावला आणि म्हणाला, "मामाजी, सेन्सर कशाला बदलवला? गॅस्केट फुटली आहे, ऐका." सायलेन्सरचा नळ इंजिनाला जोडतो तिथे फटफट आवाज होता, काजळीचा काळा डागही होता.

वाचकहो, सेन्सरचे काम समजले की ही गोष्ट ध्यानात येते. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. जळून निघालेल्या धुरात प्राणवायू किती उरला, हे नळात बसवलेला सेन्सर बघतो आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवतो. प्राणवायू जास्त दिसला की कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. सेन्सरच्या आधीच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरली तर बिचारा सेन्सर तीच मोजतो! पेट्रोल फुकट जळते आणि दोष मात्र त्याच्या माथी येतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच होती. आमच्या व्हॅनचे इंजिन सीटखाली आहे. फुटक्या जोडातून कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू निघतो, आणि त्या सीटवर शाळेची लेकरे बसतात. गॅस्केट बदलल्यावर दिवा विझला, तरी आम्हांला कितीतरी दिवस चुकल्यासारखे वाटत राहिले.

सेन्सर कधी खराब होतच नाही असे मात्र नाही. शिशाचे पेट्रोल त्याला मारक. म्हणूनच १९९५ साली चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या नव्या गाड्या आल्या तेव्हा बिनशिशाचे पेट्रोलही आणावे लागले. २०२० पासूनच्या बहुतेक मोटारसायकलींतही आता हा सेन्सर असतो.

पुढे शेजाऱ्याच्या गाडीचा सेन्सर खरोखरच गेला, तेव्हा भाच्याचे काम आम्ही जवळून पाहिले. त्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. नळ कोमट असतानाच, वायरसाठी खाच असलेल्या पान्याने जुना सेन्सर सोडवला. नवा त्याच गाडीच्या कनेक्टरचा आणला होता. काही सेन्सर वायरीतूनच बाहेरची हवा घेतात, म्हणून वायर कापून टेप गुंडाळणे त्याला पसंत नाही. आट्यांना कंपनीचा लेप होताच, टोकाला त्याने बोट लावले नाही. आधी हाताने आटे बसवले, मग पान्याने आवळले. वायर तापत्या नळापासून दूर बांधली.

मजुरी विचारली तर म्हणाला, "आधी गॅस्केट बघितली होती ना, तेवढी लिहून ठेवा."