हुफूफच्या उन्हात परसातली कोंबडी

पक्ष्यांच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी नसतात. त्यामुळे सौदी अरेबियाच्या पूर्वेकडील हुफूफ शहरात अंड्यांसाठी कोंबड्या निवडताना वर्षाला अंडी किती मिळतील यापेक्षा कोंबडी उन्हाळ्यात तग धरील काय, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. कोंबडीच्या शरीराचे तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि हवा त्याहून थंड असेपर्यंत तुरा, चोचीखालचे लोंबते मांस व उघडे पाय यांतून उष्णता बाहेर पडते. परंतु पारा ४५ च्या पुढे गेला की ही वाट बंद होते आणि चोच वासून धापा टाकत श्वासावाटे ओलावा बाहेर सोडणे, एवढाच मार्ग तिच्याकडे उरतो.

या धापांचा परिणाम थेट अंड्यावर दिसतो. रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटल्याने कवच घडण्यासाठी लागणारे बायकार्बोनेट कमी पडते, त्यातच उकाड्याने खाणे मंदावून कॅल्शियमही तुटते, आणि हातात घेताच पिचणारी अंडी मिळू लागतात. कवच घडण्यास सुमारे २० तास लागतात व त्यातले बरेचसे काम रात्री होते. म्हणून शिंपल्यांचा भरड चुरा संध्याकाळी देणे विशेष हिताचे ठरते.

भरपूर अंडी देणारी व्हाइट लेगहॉर्न हलक्या अंगाची आणि मोठ्या तुऱ्याची असल्याने जड जातींपेक्षा येथे बरी. तथापि कमी पिसांच्या, उघड्या मानेच्या कोंबड्यांचाही विचार अवश्य व्हावा, कारण उघड्या मानेच्या जनुकामुळे अंगावरील पिसेच कमी होतात. स्थानिक बलदी कोंबडी अंडी कमी देते व वरचेवर खुडूक होते, म्हणजे अंडी देणे थांबवून उबवायला बसते. तिचा काटकपणा मात्र मोलाचा आहे.

२०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या, हुफूफभोवतीच्या अल-अहसा मरूद्यानात खजुरांच्या सावलीत लसूणघास पिकतो. त्याचा कोवळा पाला कोंबड्यांना घातल्यास बलक गडद पिवळा होतो. खुराडेही अशाच सावलीत, दोन बाजूंनी जाळी लावून उभारावे. एरवी दिवसाला पाव लिटर पाणी पिणारी कोंबडी उन्हाळ्यात त्याच्या दुप्पटही पिते, आणि पाणी कोमट झाले की ती पिणे टाळते. जून-जुलैच्या कोरड्या वाऱ्यात जाळीवरचे ओले गोणपाट माठासारखे गारवा देते. पुढे आखाताकडून दमट हवा येऊ लागली की तेच गोणपाट कोंबडीला घुसमटवते, आणि तेव्हा ते काढून पंखा लावणेच योग्य.