घरमालकाची फवारणी आणि आपल्या दारातली कोंबडी-मांजरे

आंब्याला मोहोर येऊ लागला की रत्नागिरीत तुडतुड्यांसाठी फवारण्या सुरू होतात. कलमांच्या आवारात भाड्याने राहणाऱ्यांच्या दारापर्यंत ते औषध येते. कोंबड्यांचे पाणी, दोरीवरचे कपडे, अंगणात रांगणारे मूल, सगळ्यावर तुषार बसतो. पावसाळ्यात लेप्टोच्या भीतीने चाळीत उंदरांचे विषही ठेवले जाते. ‘मालकाची जागा, आपण काय बोलणार?’ म्हणून आपण गप्प बसतो. पण बोलता येते.

धोका ओळखा

औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा असला तरी ते विषच. मांजराच्या शरीराला परमेथ्रिन पचत नाही, त्याला झटके येतात. ब्रोमाडिओलोन हे उंदीरविष रक्त गोठू देत नाही. असा मेलेला उंदीर खाल्लेले मांजर-कुत्रेही काही दिवसांनी रक्तस्रावाने मरू शकते. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीतून ओलाव्याने विषारी वायू सुटतो, त्यावर उतारा नाही. ही गोळी सरकारी यंत्रणा आणि पेस्ट कंट्रोलवाले यांनीच, तेही देखरेखीखाली, वापरायची असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये चेन्नईजवळ कुंद्रत्तूर येथे घरात ठेवलेल्या उंदीरविषाने दोन लहान मुले दगावली.

कायदा काय म्हणतो?

फवारणीआधी इतके तास सूचना द्या, असे भाडे कायद्यात लिहिलेले नाही. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम २८ सांगते, की मालकाने जागा पाहायला येतानाही आधी सूचना देऊन, योग्य वेळी यावे. मग न विचारता खोलीत विष टाकणे कसे चालेल? तक्रार केली म्हणून भाडेकरूचे पाणी-वीज तोडता येत नाही, हे कलम २९ सांगते.

स्वतःच्या बागेत फवारणाऱ्याला कीटकनाशक कायदा, १९६८ लागू होत नाही, म्हणून मालक ‘माझी बाग’ म्हणतो. भारतीय न्याय संहिता मात्र त्यालाही लागू आहे. विष बेफिकिरीने वापरून माणसाचा जीव धोक्यात घातल्यास कलम २८६ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. जाणूनबुजून जनावराला विष घालून मारल्यास कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण आधी लेखी कळवले असेल, तर ‘मला माहीत नव्हते’ हे मालकाला म्हणता येत नाही. म्हणून कागद महत्त्वाचा.

काय करावे?

• चाळीतल्या सर्वांनी सह्या करून मालकाला पत्र द्यावे: औषधाचे नाव, दिवस आणि वेळ आधी कळवा, विष मुलांच्या व जनावरांच्या हाती लागेल असे ठेवू नका. पोच घ्या किंवा मोबाइलवर संदेश ठेवा.
• फवारणीच्या दिवशी कोंबड्या, मांजरे, बकऱ्या बांधून आत ठेवा. पाणी झाका, कपडे काढा.
• उंदरांसाठी पिंजरा, झाकलेला कचरा आणि बिळे बुजवणे हे उपाय आधी सुचवा.

विषबाधा झाली तर

लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर, श्वासाला त्रास ही लक्षणे आहेत. माणसाला मोकळ्या हवेत न्या, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा. उलटी काढू नका, दूध-तेल पाजू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन जिल्हा रुग्णालय गाठा. रुग्णवाहिका १०८, विष सल्ला (एम्स, दिल्ली) १८०० ११६ ११७, जनावरांसाठी १९६२.

दगावलेल्या जनावराचे फोटो काढा, पुरण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्यात शवविच्छेदनाची मागणी करा आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा. एकट्या घराने तक्रार केली तर मालकाचा राग त्या घरावरच येतो, म्हणून सह्या सगळ्यांच्या असू द्या.