सुरमईच्या मागावर

बेळगावच्या वडगावात शनिवारी रात्री यंत्रमाग थांबले की काही जण झोपतात आणि काही जण गळाची पिशवी गाडीत टाकतात. बेळगावचा वेंगुर्ला रोड शिनोळी, आंबोली, सावंतवाडी करत समुद्राला भिडतो. रात्रीच घाट उतरायचा, पहाटे निवतीचा किनारा गाठायचा आणि उजाडायच्या आत होडीत बसायचं, असा चौघा विणकरांचा बेत.

ही घाई हौसेची नाही. रात्री जमीन गार होते आणि पहाटे वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा आहे तोवर पाणी शांत. दहा-अकराच्या सुमारास जमीन तापली की वारा उलटतो, होडी डुलायला लागते आणि नवख्याचं पोट ढवळतं. म्हणून होडीचा म्होरक्या, तांडेल, निघण्याआधी सगळ्यांना चहा-बिस्कीट खायला लावतो.

‘डीप सी फिशिंग’ हे जाहिरातीतलं नाव. खरा खोल समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब. होडी जाते ती वेंगुर्ला रॉक्सपर्यंत. दीपगृह आणि पाकोळ्यांची घरटी असलेले हे खडक. भोवती पाणी दहा-बारा वाव. पण मासा खोलीपेक्षा खडक बघतो. खडकाच्या आडोशाला तारली-पेडव्यांचे थवे, त्यांच्यामागे सुरमई आणि कोकर, तर तळाच्या कपारीत गोबरा आणि तांबोशी.

सुरमईसाठी होडी थांबवत नाहीत. इंजिन मंद ठेवून मागे दोन-तीन दोऱ्या सोडतात. टोकाला लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा खोटा मासा, पाण्यात जखमी तारलीसारखा वळवळणारा. गळाच्या वर वीतभर पोलादी तार बांधलेली असते, कारण सुरमईच्या दातांपुढे नायलॉन टिकत नाही. तारेला दोरी जोडायची गाठ वडगावकराने बांधली तेव्हा तांडेल निरखून बघत राहिला. ताण्याचा तुटलेला धागा दिवसभर सांधणाऱ्या बोटांना ती गाठ शिकवावी लागली नाही.

तासभर काहीच नाही. मग रीळ अचानक किंचाळलं.

सुरमई पहिल्या झटक्यात पन्नास-साठ हात दोरी नेते. त्या वेळी ओढाओढ केली तर दोरी तुटते. रिळाचा ब्रेक बेताचा ठेवायचा, पळू द्यायचं, थांबली की गुंडाळायचं. पण दोरी सैल पडता कामा नये. सैल पडली की गळ सुटतो. “ढिली सोडू नको हां!” तांडेल ओरडला, तोवर काठी सरळ झाली होती. “सुटली की ओ!” एवढंच वडगावकर बोलला. दुसरी मात्र होडीशी आली. तांडेलाने आकडा घालून ती आत घेतली, कल्ल्याशी चीर देऊन रक्त काढलं आणि लगेच बर्फात पुरली. पाठीची निळसर झळाळी बघता बघता उतरून करडी झाली.

गोबऱ्याचं तंत्र उलटं. नांगर टाकून शिसं तळाला सोडायचं, आमिष माकुलाचं. झटका लागला की पहिल्या दोन वावांतच जोर लावायचा. गोबरा कपारीत शिरला की दोरी कापावीच लागते. आणि वेगाने वर आलेल्या लहान गोबऱ्याचं पोट हवेने फुगलेलं असतं, त्यामुळे तो नुसता पाण्यात सोडला म्हणजे जगतोच असं नाही. लहान मासे लागू लागले की जागा बदलणं बरं, हे तांडेल न सांगता करतो.

जागा त्याला कशा सापडतात? आता जीपीएस आहे, पण त्याची नजर आधी किनाऱ्याकडे जाते. डोंगराची सोंड आणि दीपगृह यांची ठरावीक खूण जुळली की खाली खडक. ही खूण दुसऱ्या होडीला सांगत नाहीत. पण नुसत्या खुणेवर आता भागत नाही. मोठ्या पर्ससीन बोटी आणि प्रखर एलईडी दिव्यांच्या मासेमारीने इथल्या पारंपरिक मच्छीमारांचं कंबरडं मोडलं आहे. महाराष्ट्राने २०१६ साली पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडीवर बंदी आणली, तरी झगडा मिटलेला नाही. अशा वेळी पर्यटकांच्या फेऱ्यांवर होडीच्या डिझेलचा भार निघतो. म्हणूनच भाड्यावरून घासाघीस करणाऱ्यांचा राग येतो. काठी आणि रीळ विकत मिळतं, ती खूण मिळत नाही.

जायचं असेल तर दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर जा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. होडीची नोंदणी विचारा, लाईफ जॅकेट अंगात घाला आणि तांडेल म्हणाला “परत फिरूया”, तर वाद घालू नका.