विशेष शिक्षकाची पदवी: कुणी घ्यावी, कुठून घ्यावी आणि कशासाठी?

बारावी झाली किंवा पदवी हातात आली की आपल्या वस्त्यांमधल्या मुलामुलींपुढे ठरलेले पर्याय असतात. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी, नर्सिंग, नाहीतर डी.एड.-बी.एड. या यादीत विशेष शिक्षणाचे नाव क्वचितच ऐकू येते. ज्यांनी ऐकले आहे त्यांच्यातही दोन समज दिसतात. पहिला, हे सेवाभावाचे काम आहे, यात पोट भरत नाही. दुसरा, हा बी.एड.चाच एक सोपा प्रकार आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत. विशेष शिक्षक हा कायद्याने नोंदणी बंधनकारक केलेला व्यवसाय आहे. त्याची स्वतःची विद्या आहे. आणि त्याची मोठी गरज आपल्याच वस्त्यांमध्ये आहे.

गरज कुठे आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती आहेत, तर महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार. एकूण लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के आहे, अनुसूचित जातींमध्ये मात्र ते २.४५ टक्के आहे. हा फरक नशिबाचा नाही. गरोदरपणातला अपुरा आहार, बाळंतपणाच्या वेळी न मिळालेले उपचार, धोक्याची कामे, उशिरा झालेले निदान ही त्यामागची ओळखीची कारणे आहेत. त्याच जनगणनेनुसार ५ ते १९ वयोगटातल्या दिव्यांग मुलांपैकी २७ टक्के मुलांनी शाळेचे तोंडही पाहिलेले नव्हते.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने ते २१ केले. त्यात स्वमग्नता आली, विशिष्ट अध्ययन अक्षमता आली आणि सिकलसेलही आला. विदर्भातल्या वाचकांना सिकलसेल वेगळा सांगायला नको. वेदनांमुळे महिन्यातले काही दिवस घरी राहणारे मूल शाळेच्या दफ्तरी फक्त 'गैरहजर' असते.

अध्ययन अक्षमतेचेही तसेच. शहरातल्या महागड्या शाळेत एखादे मूल अक्षरे उलटसुलट लिहू लागले, तर पालक तपासणी करून प्रमाणपत्र काढतात आणि मुलाला परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती मिळतात. आपल्याकडच्या शाळेत तेच मूल 'ढ' ठरते, मागच्या बाकावर जाते आणि आठवी-नववीत गळते. मुलाची अडचण तीच असते, फरक असतो तो ती वेळेवर ओळखणारा माणूस जवळ असण्या-नसण्याचा.

महाराष्ट्रातल्या नावाजलेल्या विशेष शाळांचा इतिहास पाहिला तर अशा मुलांच्या पालकांनीच पुढाकार घेतलेला दिसतो. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, नाशिकची प्रबोधिनी १९७७ ची. या पालकांचे काम मोठेच आहे. पण ज्या घरात आई-वडील दोघेही रोजंदारीवर जातात, त्यांना शाळा काढणे शक्य नसते. तिथे वस्तीतूनच शिकून आलेला शिक्षक लागतो. 'मागच्या जन्माचे भोग' म्हणून मूल घरात बसवून ठेवणाऱ्या आजीशी तिच्या भाषेत बोलायलाही तोच लागतो.

या अभ्यासक्रमात शिकवतात तरी काय?

एक उदाहरण घेऊ. बौद्धिक अक्षमता असलेल्या बारा वर्षांच्या मुलीला दुकानातून बिस्किटाचा पुडा आणायला शिकवायचे आहे. आपल्याला हे एकच काम वाटते. विशेष शिक्षक त्याचे तुकडे पाडतो. नोट ओळखणे, दुकानापर्यंत जाणे, हवी ती वस्तू सांगणे, पैसे देणे, पुडा घेणे, सुटे पैसे परत मिळेपर्यंत थांबणे, घरी येणे. याला कार्यविश्लेषण म्हणतात. कधीकधी शिकवण्याची सुरुवात शेवटच्या पायरीपासून करतात. आधीच्या सगळ्या पायऱ्यांत शिक्षक मदत करतो आणि शेवटची पायरी मुलगी एकटी करते. त्यामुळे प्रत्येक वेळी काम तिच्याच हाताने पूर्ण होते. मग शेवटच्या दोन, मग तीन, असे करत ती पूर्ण काम स्वतः करू लागते.

प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करावा लागतो. आज मुलाला काय येते, तीन महिन्यांत काय यायला हवे, ते कसे शिकवायचे आणि कसे तपासायचे, हे सगळे लेखी. अंध मुलांसोबत काम करायचे तर सहा टिंबांची ब्रेल लिपी आणि पांढऱ्या काठीने चालण्याचे प्रशिक्षण. कर्णबधिर मुलांसाठी सांकेतिक भाषा, श्रवणयंत्र, वाचा. शिवाय प्रत्यक्ष शाळेतला सराव आणि पालकांचे समुपदेशन. मन मऊ असणे चांगलेच, पण तेवढ्यावर हे काम होत नाही.

कोणता अभ्यासक्रम निवडायचा?

मुख्य वाटा दोन. बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एड. (विशेष शिक्षण) करता येतो, तो प्राथमिक स्तरासाठी. पदवीनंतर दोन वर्षांचा बी.एड. (विशेष शिक्षण) करता येतो, तो माध्यमिक स्तरासाठी. पुढे एम.एड.ही आहे. दोन्हीकडे सर्वसाधारणपणे ५० टक्के गुणांची अट असते. राखीव प्रवर्गाची सवलत प्रवेश पुस्तिकेत पाहावी. महाराष्ट्रात बी.एड.साठी राज्य सीईटी कक्षाची 'जनरल अँड स्पेशल' अशी एकत्र परीक्षा होते. अर्ज भरताना अनेकांचे 'स्पेशल' या शब्दाकडे लक्षच जात नाही.

प्रवेश घेतानाच बौद्धिक अक्षमता, श्रवणदोष, दृष्टिदोष, अध्ययन अक्षमता, स्वमग्नता यांसारख्या क्षेत्रांपैकी एक निवडावे लागते. जवळच्या कॉलेजात जे आहे ते, असे करू नका. आधी दोन-तीन विशेष शाळांत जाऊन दिवसभर बसा, मग ठरवा.

मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणदोषाच्या क्षेत्रात काम करते. एसएनडीटी महिला विद्यापीठात विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. इतर जिल्ह्यांतही स्वयंसेवी संस्थांची अध्यापक विद्यालये आहेत.

मान्यता तपासल्याशिवाय फी भरू नका

सर्वात जास्त फसवणूक इथेच होते. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नुसार विशेष शिक्षकाचे नाव परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावेच लागते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा कायद्यात आहे. आणि ही नोंदणी मिळते ती परिषदेने मान्यता दिलेल्या संस्थेतूनच अभ्यासक्रम केला असेल तर.

म्हणून तीन गोष्टी तपासा. संस्थेचे नाव परिषदेच्या संकेतस्थळावरच्या यादीत आहे का? तुम्ही निवडलेल्या क्षेत्रासाठीच मान्यता आहे का? आणि ज्या वर्षी तुम्ही प्रवेश घेत आहात, त्या वर्षासाठी ती लागू आहे का? भिंतीवर टांगलेले जुने प्रमाणपत्र पुरावा धरू नका. सहा महिन्यांत, घरबसल्या विशेष बी.एड. देतो म्हणणाऱ्याकडे तर वळूनही पाहू नका. नोंदणी मिळाल्यावरही काम संपत नाही. ठरावीक मुदतीने तिचे नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी प्रशिक्षण कार्यक्रमांना हजर राहून गुण जमवावे लागतात.

खर्चाचे काय?

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर करायचा. प्रवेश कोणत्या प्रक्रियेतून झाला यावर ही सवलत अवलंबून असते, म्हणून हा कोर्स, ही संस्था आणि ही प्रवेशपद्धत शिष्यवृत्तीला पात्र आहे का, हे समाजकल्याण कार्यालयात आधीच विचारा. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर पात्र विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्यासाठी मदत मिळते. मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांसाठी ती वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत आहे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज मात्र सीईटीच्या आधीच टाकून ठेवा. दरवर्षी कितीतरी जणांची जागा याच एका कागदामुळे जाते.

नोकरी मिळते का?

खरे ते सांगायला हवे. खासगी शाळा आणि संस्थांमध्ये पगार बऱ्याचदा कमी असतो. समग्र शिक्षा अभियानात अनेक विशेष शिक्षकांनी वर्षानुवर्षे कंत्राटावर काम केले आहे. पण चित्र बदलू लागले आहे, आणि ते न्यायालयात गेलेल्या शिक्षकांमुळे. रजनीश कुमार पांडेय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक स्तरावर दर १० दिव्यांग मुलांमागे एक आणि त्यावरच्या वर्गांत दर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले. मार्च २०२५ मध्ये याच प्रकरणात राज्यांना विशेष शिक्षकांची मंजूर पदे जाहीर करण्याचे आदेश दिले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला आणि त्यात कंत्राटी शिक्षकांना सामावून घेण्याची तरतूद केली.

निर्णय झाला म्हणजे नेमणूक झाली असे होत नाही, हा आपला जुना अनुभव आहे. पदे भरली जातील ती पात्र उमेदवार असतील आणि मागणीचा रेटा असेल तेव्हाच. या दोन्ही गोष्टी आपल्या हातात आहेत.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

सगळ्यांनी ही पदवी घ्यावी असे नाही. पण आपल्या वस्तीत ६ ते १८ वयाची किती दिव्यांग मुले आहेत आणि त्यातली किती शाळेत जातात, हे विहारातल्या रविवारच्या वर्गाला किंवा मंडळाला दोन दिवसांत मोजता येते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना या वयात मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने दिला आहे. ती यादी घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि विचारा: आमच्या केंद्राचा विशेष शिक्षक कोण आहे? तो आठवड्यातून किती दिवस आमच्या शाळेत येतो? उत्तर लेखी मागा.

आणि यंदा बारावी किंवा पदवी झालेल्या एका तरी मुलीला, एका तरी मुलाला ही वाट नीट समजावून सांगा. तुमच्या यादीतल्या मुलांना शिकवायला उद्या तेच लागणार आहेत.